मुशीचं तेल लावलेल्या सायकली

कुणाचीही सायकल दिसली की सर आधी वाकायचे, अंगठ्यानं टायर दाबून बघायचे आणि मग सायकलवाल्याला विचारायचे, "जेवलास का?" जेवणाचा आणि हवेचा काय संबंध, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हवा कमी निघाली तर मात्र जेवणाचं राहूनच जायचं. शिपायाच्या खोलीत त्यांनी पंप ठेवला होता, तो आणायला ते स्वतः निघायचे. तासाची घंटा झालेली असली तरी निघायचे.

असला एक माणूस तुमच्याही कॉलेजात किंवा कचेरीत असेलच. सगळे त्याला चांगला म्हणतात आणि त्याच्या शेजारी बसायची वेळ आली की काम आठवतं. आमच्याकडे ते भूगोल शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होते. आता जे सांगणार आहे ते काही निव्वळ कौतुकानं सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या माणसावर माझा अजून राग आहे.

ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. बोईसरच्या बाहेर, भाताच्या खाचरांत भराव टाकून आमचं कॉलेज उभं केलं होतं. पावसाळ्यात आवारात बेडूक आणि उन्हाळ्यात धूळ. मी चिंचणीची, एसटीनं यायचे. सकाळची एसटी कारखान्यांच्या कामगारांनी इतकी भरलेली असायची की मी दारातल्या दांड्याला धरून उभी राहायचे आणि कॉलेजात पोचल्यावर आधी साडीच्या निऱ्या पुन्हा घालायचे.

माझं तरी बरं होतं. घिवलीकडच्या, किनाऱ्याच्या गावांतल्या पोरींची खरी दैना. त्यांच्या आया त्याच वेळेला मासळीच्या पाट्या घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालेल्या असायच्या. स्टॉपवर पाट्या दिसल्या की ड्रायव्हर गाडी थांबवायचाच नाही. पाटीबरोबर पोरगीही रस्त्यावर राहायची. मग पहिले दोन तास बुडायचे, हजेरी कमी भरायची, परीक्षेला बसू देणार नाही असं ऑफिसातून सांगितलं जायचं. आणि घरचे म्हणायचे, पुष्कळ झालं शिक्षण, आता मासळी सुकवायला हात लाव. दर जूनला त्या बाजूच्या सात-आठ पोरी नावं घालायच्या. दिवाळीनंतर त्यातली एकही दिसायची नाही. लायब्ररीची कार्डं परत घ्यायचं काम माझं, म्हणून मला पक्कं माहीत.

सर घाटावरचे. एकटे होते, जवळच्या पाम गावात एक खोली घेऊन राहायचे आणि सायकलनं कॉलेजला यायचे. "पाय दिलेत ना देवानं?" हे त्यांचं पालुपद. देव मानत नव्हते, पण पायांपुरता मानायचे. आमच्या वाणिज्यच्या प्राध्यापकांनी नवी स्कूटर घेतली, पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि त्यांच्या समोरच म्हणाले, "घर आहे रेल्वे फाटकापलीकडं. तेवढ्याला पेट्रोल जाळायचं म्हणजे शेजारी जायला बैलगाडी जुंपण्यातलाच प्रकार." दुसऱ्याचा पेढा खाऊन असं बोलू नये, एवढी रीत त्यांना नव्हती. मी तसं सांगितलं तर म्हणाले, पेढा चांगलाच होता, त्याला मी कुठं नाव ठेवलं.

पोरींच्या हजेरीचं त्यांच्या डोक्यात बसलं आणि मग ते कुणाचं ऐकेनात. तेव्हा कारखान्यांच्या वसाहतींमध्ये लोक मोपेडी नि स्कूटर घ्यायला लागले होते. जुन्या सायकली जिन्याखाली गंजत पडलेल्या. रविवारी हे दारोदार जायचे आणि कडी वाजवून म्हणायचे, तुमच्या जिन्याखाली जी मरून पडलीय ती मला द्या. लोक द्यायचे. जिना मोकळा होतोय म्हणून द्यायचे, पण द्यायचे. सर त्या घरी आणून उघडायचे आणि स्वतःच दुरुस्त करायचे. म्हणजे काय, तर आधी नुसती चेन सुटलेली असायची, सरांच्या दुरुस्तीनंतर चाकही वाकडं व्हायचं. बोईसर स्टेशनबाहेर एक उत्तरेकडचा सायकलवाला होता. एकदा त्यानं हात जोडून सांगितलं, "सर, आप पढ़ाइये. ये हम देख लेंगे." तेव्हापासून तो सायकली नीट करायचा आणि सर शेजारी उकिडवे बसून त्याला भूगोल सांगायचे.

मग घिवलीला जाणं. त्या वेळी मलाही बरोबर नेलं, बाईमाणूस असलेलं बरं म्हणून. जयवंती नावाची एक पोरगी होती, बारावी चांगली झालेली. अंगानं काटक, बोलायला फटकळ. बाप तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमानं चालायची. पण घर चालायचं आईच्या हुकमानं. आम्ही गेलो तेव्हा आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, तिनं मान वर केली नाही. सायकलीचं ऐकून म्हणाली, "पोरगी पडली, हात मोडला, तं तिचा पाटी उचलायचा हात सर देनार हाय काय?" उत्तर जयवंतीनंच दिलं. ती म्हणाली, सकाळी मीच पाटी सायकलीवर बाजारात पोचवीन आणि तिथून कॉलेजात जाईन, तुला एसटीवाल्याची बोलणी खायला नको. आईनं बोंबील तसाच हातात धरून थोडा विचार केला. मग म्हणाली, "मंग बग."

त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूवर पोरी सायकल शिकल्या. सगळ्या पुरुषी सायकली, मधे नळी असलेल्या. पोरी नळीखालून पाय घालून कैची मारायच्या, पडायच्या, पुन्हा उठायच्या. सगळा गाव हसायला जमायचा. सर घामाघूम होऊन मागनं कॅरियर धरून पळायचे. मलाही त्यांनी एकदा बसवलं. मी साडी सावरत सरळ पाण्यात गेले आणि तिथून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण एक सांगते. त्या जूनमध्ये त्या पोरी एका रांगेत कॉलेजच्या फाटकातून आत आल्या ना, तेव्हा मी लायब्ररीच्या खिडकीत उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे जयवंती. सरांनी मुलांच्या मदतीनं झावळ्यांचं छप्पर घालून सायकलस्टँड केला होता, तिथं त्यांनी सायकली ओळीनं लावल्या. दिवाळी आली, गेली. पोरी येतच राहिल्या. वर्ष पार पडलं आणि सगळ्या परीक्षेला बसल्या. मला एकाही पोरीचं कार्ड परत घ्यावं लागलं नाही. मग डोंगराकडची मुलं, जी पहाटे निघून चालत यायची, तीही सायकली मागायला लागली. सरांनी पुन्हा जिने धुंडाळायला घेतले.

इथंच गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

खारं वारं लोखंडाला खातं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात तेव्हा लाकूड टिकावं म्हणून त्यांना मुशीचं तेल लावतात. मुशी म्हणजे शार्क, ते मोठं दातांचं जनावर, त्याच्या काळजाचं तेल. घरोघरी डबे भरलेले असतात. एकदा लागलं की पाऊस काही करू शकत नाही, आणि वास असा की नवख्या माणसाला जेवण जायचं नाही. मे महिन्यात जयवंतीच्या बापानं होडीला तेल लावलं आणि उरलेलं पोरीच्या सायकलीला लावलं. जिवापाड लावलं. नळीला, दांड्याला, मडगार्डाला, स्प्रिंगा दिसतात तिथपर्यंत सीटलाही. ते बघून बाकीच्या बापांनीही आपापल्या पोरींच्या सायकली काढल्या.

सर त्या दिवशी तिथंच होते. ते इतके खूश झाले की विचारू नका. त्यांनी त्या तांडेलाची पाठ थोपटली, असं काम सायकलवाल्यालाही जमणार नाही म्हणाले, आणि स्वतःची सायकल पुढं करून तिलाही लावून घेतलं. पामच्या मालकीणबाईंनी ती सायकल त्या रात्रीपासून विहिरीपलीकडं ठेवायला लावली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. एक दिवस उघडीप पडली, कडक ऊन आलं आणि सायकली तापल्या. वास लायब्ररीत येऊन बसला. बोईसरमधली यच्चयावत मांजरं स्टँडवर जमली आणि चाकं चाटायला लागली. मी चिंचणीची, मला मासळीच्या वासाचं काय, पण मीसुद्धा खिडकी लावून घेतली. आणि नेमकी त्याच आठवड्यात विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला आली. पाहुण्यांची गाडी स्टँडजवळ थांबली. त्यांतल्या एका बाईंनी दार उघडलं, नाकाला पदर लावला आणि पुन्हा आत बसल्या. संस्थेचे अध्यक्ष हार घेऊन उभे होते, ते तसेच राहिले.

आता यातली मेख ऐका. अध्यक्षांच्या मनात त्या जागेवर गाड्या लावायची सोय करायची होती. शिवाय कॉलेजची बस सुरू करायची होती, आणि ती चालवायला त्यांचाच भाचा तयार होता. सायकलींनी पोरंपोरी फुकट येत होती तोवर बसमध्ये बसणार कोण? म्हणजे निमित्त हवंच होतं, ते मांजरांनी पुरवलं. दुसरं म्हणजे, अध्यक्षांचा स्वतःचा कारखाना होता. त्याच्या मागच्या नाल्याला रोज संध्याकाळी असा वास यायचा की डोळे चुरचुरायचे. त्याला कुणी कधी पदर लावला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तरी प्राचार्य वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी सरांना माझ्यासमोर बोलावून सांगितलं, उद्यापर्यंत सायकली सोड्यानं धुऊन घ्यायला सांगा, मी वर कसंतरी निभावतो. एक बादली गरम पाणी आणि मूठभर सोडा, एवढंच मागणं. आपल्यापैकी कुणीही हो म्हटलं असतं. सर उठून उभे राहिले.

"बाप होडीला लावतो ते त्यानं लेकीच्या सायकलीला लावलंय," ते म्हणाले. "ते धू, वास मारतंय, असं मी तिला सांगू? जन्मभर एसटीत तेच ऐकलंय तिनं. इथं तरी ऐकणार नाही."

खोलीबाहेर आल्यावर मी भांडले. म्हटलं, तुम्हाला सांगवत नसेल तर मी सांगते, मी त्यांच्याच बाजूची आहे, माझ्याकडून लागणार नाही त्यांना. म्हणाले, "बाई, तुम्ही यात पडू नका." मी पडणारच होते. दुसऱ्या दिवशी पोरी आल्या की मागच्या हौदावर नेऊन मीच धुवून घेणार होते, सोडासुद्धा आणला होता पिशवीतून. पण हा माणूस माझ्या आधी, सकाळी सातला, अध्यक्षांच्या बंगल्यावर गेला आणि त्यांना म्हणाला, साहेब, तुमच्या नाल्याचा वास चालतो आणि मुशीच्या तेलाचा चालत नाही, हे कसं? हात दाखवून अवलक्षण! खरं होतं, शंभर टक्के खरं होतं. पण खरं बोलायला ही वेळ आणि ही जागा?

दुपारी नोटीस लागली. आवारात सायकली आणायच्या नाहीत, स्टँड काढण्यात येत आहे. झावळ्या त्याच संध्याकाळी ओढून काढल्या. धुतलेल्या सायकली चालतील का, हे विचारायला मी गेले तर प्राचार्य म्हणाले, आता काही चालणार नाही, बाई, आता गोष्ट वासाची राहिली नाही.

पोरी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला सायकली लावायला लागल्या. सर तास संपला की बाहेर जाऊन तिथं दगडावर बसायचे, राखण करत. पावसात छत्री घेऊन बसायचे. पुढचा तास लागला की चिखलाच्या पायांनी आत. प्राध्यापकांच्या खोलीत सगळे हसायचे, आणि मीही एकदा रागानं म्हटलं, ती बादली परवडली नसती का? सरांचे कपडे आता रोजच ओले असायचे आणि कुणी काही बोललं नाही तरी ते कुणाकडं बघायचे नाहीत.

गणपतीच्या सुमाराला एक दिवस सर वर्गात असताना एक टेम्पो आला. दोन माणसांनी पोरापोरींच्या सगळ्या सायकली त्यात टाकल्या आणि नेल्या. वॉचमननं सांगितलं, रस्त्यावरची अडगळ काढायचा हुकूम होता. कुणाचा हुकूम, ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. सर आणि जयवंती दोघं कारखान्यांच्या भागातली भंगाराची दुकानं पालथी घालून आले. एका ठिकाणी तेलाचा वास आला म्हणे, पण तिथं नुसती नळकांडी पडली होती, कापलेली.

कॉलेजची बस सुरू झाली. निळी, पडदे लावलेली. ती मोठ्या नाक्यापर्यंत जायची, घिवलीला नाही. पासाचे पैसे महिन्याच्या आधी भरायचे. तेवढ्यात जयवंतीचं घर आठवडाभर चाललं असतं. दिवाळीपर्यंत मी पुन्हा कार्डं परत घेतली. जयवंतीचं सगळ्यात शेवटी घेतलं. ती पुस्तकं टेबलावर ठेवून गेली, एक शब्द बोलली नाही. एवढी फटकळ पोरगी.

सर पुढं दोन वर्षं टिकले. स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायचे आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकवायचे. नोटिशीत आवार म्हटलंय, वर्ग म्हटलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरांना गंमत वाटायची. पण ते पहिल्यासारखे राहिले नव्हते. घिवलीला जाणं त्यांनी बंद केलं. एकदा मी म्हटलं, जयवंतीचं लग्न ठरलंय, चला जाऊ. तर म्हणाले, कुठल्या तोंडानं जाऊ. मग एके वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले ते परत आलेच नाहीत, गावाकडूनच राजीनामा दिला.

ते गेल्याची बातमी आली ती बरीच वर्षं उलटल्यावर. नव्वदीची सुरुवात असेल. शोकसभा ठेवली होती. नवे लोक बहुतेक त्यांना ओळखत नव्हते. वाणिज्यचे प्राध्यापक आता प्राचार्य झाले होते. ते म्हणाले, सरांना पर्यावरणाची फार आस्था होती. मग दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं, पण खाली बसनं हॉर्न दिला आणि सगळे चुळबुळायला लागले. दोन मिनिटं काही झाली नाहीत. मी मागं एकटीच उभी राहिले, शिपाई पंखे बंद करेपर्यंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बोईसरच्या बाजारात जयवंती भेटली. भेटली म्हणजे, ती तिथं बसतेच, आईच्या जागेवर. मी एरवी मुद्दाम दुसऱ्या रांगेनं जायचे. त्या दिवशी तिनंच हाक मारली आणि मला न विचारता चांगली पापलेटं बाजूला काढून ठेवली. मग म्हणाली, "सर कंदी येतात काय इकडं?"

मी सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली आणि पाटीवरच्या माश्या हाताने हाकलत राहिली. माश्या नव्हत्याच फारशा. मला वाटलं, आता हिला सगळं सांगून टाकावं, म्हणजे तिलाही कळेल त्या माणसानं तिच्यासाठी काय केलं. तसं मी सांगितलं. प्राचार्यांनी काय मागितलं होतं, सर काय म्हणाले, तिला वासाचं बोलू नये म्हणून कसे अडून बसले, सगळं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, वास तं आमाला पन येत होता. पयल्याच दिसी सगळ्या पोरी बोलल्या, धुवून टाकू. मीच नको बोलली. सर त्या दिसी माज्या बापाला किती चांगलं बोलले. धुतली असती तं सरांना वाईट वाटलं असतं."

तिनं पापलेटं कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी तिथून स्टेशनपर्यंत चालत आले. एवढ्या वर्षांत त्या माणसाशी कडकडून भांडावंसं मला इतकं कधी वाटलं नव्हतं. आणि आता भांडायला ते नव्हते.